शास्त्रातला द्राक्षवेल आणि आमची बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिरजेच्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथशाळा (बायबलचा वर्ग) घेतो आणि तासगाव तालुक्यात भावाबरोबर अडीच एकर द्राक्षबाग करतो. त्यामुळे दोन्हीकडून प्रश्न येतात. मंडळीतली माणसं बागेचं विचारतात, आणि छाटणीला आलेली माणसं दुपारी भाकरी सोडल्यावर विचारतात, "तुमच्या बायबलात द्राक्षाचं लय आहे म्हणं, खरं का?" खरं आहे. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र लिहिले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत.

बायबलमध्ये द्राक्ष इतक्या वेळा का येतं?

कारण बायबलातले लोक द्राक्षाचेच होते. धान्य, द्राक्षारस आणि जैतुनाचं तेल ही कनान या त्यांच्या देशाची तीन मुख्य पिकं. नोहा तारवातून उतरल्यावर पहिलं काम करतो ते द्राक्षमळा लावायचं (आणि पहिली फजितीही त्यातूनच होते). मोशेनं पाठवलेले हेर देश बघून परत येतात तेव्हा अष्कोलच्या ओढ्यातून एकच घड आणतात, तो दोघांनी दांड्यावर घालून. आमच्याकडं हे चित्र बघून पोरं पहिलं विचारतात, "जीए किती मारलं होतं?" (जीए म्हणजे मणी फुगवायला आम्ही वापरतो ते संजीवक.)

ज्या गावात ऊस असतो तिथली म्हण उसाची असते. तसंच हे. संदेष्ट्यांना लोकांशी बोलायचं होतं आणि लोकांच्या डोळ्यांसमोर बाग होती.

येशू 'मी खरा द्राक्षवेल' म्हणतो. मग खोटा कोणता?

हा प्रश्न ज्यानं विचारला तो निम्मं उत्तर घेऊनच आला असं समजा. योहानाच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय बहुतेक जण तिथूनच वाचायला लागतात, म्हणून 'खरा' हा शब्द उगाच ठेवल्यासारखा वाटतो. ऐकणाऱ्या शिष्यांना तो तसा वाटला नसणार. त्यांच्या कानात लहानपणापासून दुसरा एक वेल होता: इस्राएल राष्ट्र.

स्तोत्र 80 मध्ये देवानं मिसरातून (इजिप्तमधून) एक वेल उपटून आणला, जमीन साफ केली, तो लावला, आणि त्याच्या सावलीनं डोंगर झाकले गेले असं वर्णन आहे. पुढं कुंपण मोडतं आणि रानडुक्कर बाग नासवतं. होशेय संदेष्टा म्हणतो, इस्राएल हा फोफावलेला वेल आहे, पण जितकं फळ वाढलं तितक्या त्यानं मूर्तींच्या वेद्या वाढवल्या. यिर्मया विचारतो, मी तुला उत्तम जातीचा वेल म्हणून लावलं, तू रानटी कसा झालास? यहेज्केल सगळ्यात कडू बोलतो. तो म्हणतो, फळ नसलं तर द्राक्षाच्या लाकडाचा उपयोग काय? भांडं टांगायला खुंटीसुद्धा होत नाही. हे मी हातानं तपासलेलं आहे. छाटणीच्या काड्यांचं काही होत नाही. पूर्वी चुलीत जायच्या, आता कुणी कुट्टी करून सरीत टाकतं, कुणी बांधावर पेटवून देतं.

येशूच्या काळी यरुशलेमच्या मंदिराच्या दारावर सोन्याचा द्राक्षवेल होता आणि त्याला माणसाच्या उंचीचे घड होते, असं योसेफस हा यहुदी इतिहासकार लिहून गेला आहे. पुढं रोमनांविरुद्ध बंड केलेल्या यहुद्यांनी नाणी पाडली, त्यांवरही द्राक्षाचं पान आहे. म्हणजे वेल हे त्या लोकांचं निशाणच होतं म्हणा. अशा वेळी एक माणूस वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री मोजक्या शिष्यांसमोर म्हणतो, खरा द्राक्षवेल मी आहे. राष्ट्राला जे जमलं नाही ते मी करतो आणि तुम्ही माझे फाटे, म्हणजे फांद्या, व्हा, असा त्याचा रोख आहे. योहानात 'मी आहे' अशी येशूची सात वाक्यं येतात: भाकर, प्रकाश, दार, मेंढपाळ, पुनरुत्थान, मार्ग आणि वेल. वेल सगळ्यात शेवटी येतो.

यशयाचं द्राक्षमळ्याचं गीत काय आहे?

माझ्या मते जुन्या करारातला वेलाविषयीचा सगळ्यात ताकदीचा भाग हाच, आणि मंडळीत तो सगळ्यात कमी वाचला जातो. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या पाचव्या अध्यायाची पहिली सात वचनं. सुरुवात प्रेमगीतासारखी आहे. माझ्या प्रियाचा एक मळा होता, सुपीक टेकडीवर. त्यानं खणलं, दगड वेचले, जातिवंत वेल लावला, मधोमध माळा बांधला, खडकात द्राक्षकुंड, म्हणजे द्राक्षं तुडवायचं कुंड, खोदलं. मग वाट बघितली. आणि आली रानटी, आंबट द्राक्षं.

मग मालक ऐकणाऱ्यांनाच विचारतो, अजून काय करायचं राहिलं होतं, सांगा? माल बिघडल्यावर आमच्याकडचा कुठलाही बागायतदार हेच विचारतो. खत दिलं, पाणी दिलं, औषध चुकवलं नाही, मग काय राहिलं?

शेवटच्या वचनात फिरकी आहे आणि ती मराठीत येत नाही. मूळ हिब्रूत देवानं 'मिश्पात' म्हणजे न्याय शोधला आणि मिळाला 'मिस्पाह' म्हणजे रक्तपात. 'त्सदाका' म्हणजे नीतिमत्त्व शोधलं आणि ऐकू आली 'त्सआका' म्हणजे गांजलेल्यांची आरोळी. शब्द जवळजवळ सारखे, माल वेगळा. बाहेरून घड तोच दिसतो, तोंडात टाकल्यावर कळतं. लगेच पुढचं वचन घराला घर आणि शेताला शेत जोडत सुटणाऱ्यांवर हाय म्हणतं. म्हणजे यशयाच्या लेखी फळ कशाला म्हणायचं हे उघड आहे: गरिबाला न्याय मिळतो की नाही.

देव फाट्याला छाटतो म्हणजे शिक्षा करतो का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या घरी काहीतरी घडलेलं असतं. आजारपण, नोकरी गेलेली, मूल गेलेलं. कुणीतरी सांत्वनाला येऊन सांगितलेलं असतं, "देव तुमची छाटणी करतोय." असं कुणाला पटकन सांगू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आधी बाग बघू. आमच्याकडं वर्षातून दोन छाटण्या. माल गेल्यावर एप्रिलच्या सुमाराला खरडछाटणी, त्यात काड्या ओलांड्याजवळ (झाडाच्या आडव्या फांदीजवळ) कापून एकेका डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटायच्या जागेवर, आणतात. मांडव उघडा पडतो. नव्या माणसाला वाटेल बाग मेली. पुष्कळ वर्षी हे काम गुड फ्रायडेच्या आगेमागे येतं. चर्चमधून घरी येऊन कपडे बदलून मी तारांखाली उभा राहतो आणि खाली काड्यांचा खच असतो. मग नव्या काड्या फुटतात, आणि साधारण चाळीस ते साठ दिवसांत त्यांच्या डोळ्यांत घड तयार होतो. दिसत काहीच नाही. नुसता डोळा. त्या दिवसांत ऊन नीट मिळालं नाही, ढगाळ राहिलं, तर ऑक्टोबरात डोळे फोडायची पेस्ट कितीही लावा, घड कमीच निघतात. ऑक्टोबरची ती फळछाटणी. तेव्हा राखून कापायचं असतं, डोळे मोजून. कापलेल्या टोकाला पाण्याचा थेंब येतो, तो बोटावर घेतला तर चिकटही लागत नाही. आई म्हणायची, झाड रडतंय. वडील म्हणायचे, मूळ चाललंय.

आता शास्त्र. योहान 15:2 मध्ये छाटलं जातं ते फळ *देणाऱ्या* फाट्याला, अधिक फळ यावं म्हणून. म्हणजे अपराधाचा हिशोब तिथं नाही. मूळ ग्रीकमध्ये छाटण्यासाठी 'कथाइरेइ' असा शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ स्वच्छ करणं. आपल्या मराठी बायबलात 'साफसूफ करतो' असं आलंय ते त्यामुळंच. पुढच्याच वचनात येशू म्हणतो, जे वचन मी तुम्हाला सांगितलं त्यामुळं तुम्ही आताच स्वच्छ, 'कथारोइ', आहात. तोच शब्द. कात्री म्हणजे त्याचं वचन, असा तिथला सरळ अर्थ आहे. आजार, अपघात, कर्ज यांचा त्या वचनात उल्लेखही नाही. आपण ते बाहेरून आणून चिकटवतो.

'काढून टाकतो' याचा खरा अर्थ 'उचलून धरतो' असा आहे म्हणतात. खरं का?

योहान 15:2 मध्येच फळ न देणाऱ्या फाट्याला देव 'काढून टाकतो' असं आहे. तिथला ग्रीक शब्द 'आइरेइ'. त्याचा अर्थ उचलणं असाही होतो आणि काढून नेणं असाही. त्या देशात वेल जमिनीवर पसरत, म्हणून माळी ते उचलून दगडाचा आधार देई, असं काही शिक्षक सांगतात. ऐकायला गोड आहे. पण सहाव्या वचनात फाटा बाहेर टाकला जातो, वाळतो, गोळा होतो आणि अग्नीत जातो, हे तिथंच लिहिलंय. बहुतेक भाषांतरकारांनी 'काढून टाकतो' ठेवलं त्याला कारण आहे. मीही तेच धरतो. वांझ काडी बांधून ठेवली तर ती शेजारच्या काडीचं ऊन खाते, हे कुठल्याही बागेत दिसतं.

'माझ्यामध्ये राहा' म्हणजे नेमकं काय करायचं?

चौथ्या ते दहाव्या वचनात राहण्याचं हे क्रियापद ग्रीकमध्ये दहा वेळा येतं. फळ द्या अशी आज्ञा मात्र या वचनांत नाही, आज्ञा राहण्याची आहे. काडी घड आणायला जोर लावत नाही. ती झाडाला असते, एवढंच. राहायचं कसं याचं उत्तर दहाव्या आणि बाराव्या वचनात आहे: माझ्या आज्ञा पाळा, आणि आज्ञा ही की एकमेकांवर प्रीती करा. मोघम काही नाही त्यात. भाऊबंदकीत बांध कोरणाऱ्यानं हे वचन दाराच्या चौकटीवर लावलेलं मी पाहिलं आहे. कुणाचं ते सांगत नाही.

फळ म्हणजे भरभराट ना? पैसा, घर, गाडी?

नाही. आणि या बाबतीत मी जरा चिडून बोलतो, ते समजून घ्या. वर सांगितलेला यशया वाचा, मग योहान 15 पूर्ण वाचा. एका ठिकाणी फळ म्हणजे न्याय, दुसऱ्या ठिकाणी प्रीती, तीही मित्रासाठी जीव देईपर्यंतची. शिवाय काडी स्वतःचं द्राक्ष कधी खात नाही. ज्या वर्षी आमच्या चार किलोच्या पेटीला चांगला दर लागला त्या वर्षी एका पाहुण्यानं मला म्हटलं, तुम्ही वेलात राहिलात म्हणून. मग शेजारच्या बागेत दावण्या रोगानं घड काळे पडले, तो काय वेलातून तुटला होता? दोघांनाही पाऊस तोच लागला होता. त्याची बाग फुलोऱ्यात होती, आमची पुढं गेली होती.

आपल्याकडं डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतात. येशू तेच म्हणतोय का?

हा खास तासगावचा प्रश्न! डॉगरिज म्हणजे रानटी द्राक्षाचा खुंट, त्याच्यावर खायच्या द्राक्षाचं कलम भरतात. योहान 15 मध्ये कलमाचा उल्लेख नाही. कलम आहे ते प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रात, 11व्या अध्यायात, आणि तिथं झाड जैतुनाचं आहे. तोही मुद्दाम उलटं सांगतो, रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर. आपण खुंट रानटी आणि वर थॉमसन किंवा सोनाका या जाती भरतो. पौल स्वतःच म्हणतो की हे निसर्गाच्या उलट आहे. त्यामुळं त्याला शेती कळत नव्हती म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

शेवटी आलेल्या मजुरालाही पूर्ण रोज, हा न्याय कसा?

मत्तय 20. मालक पहाटे बाजारात जाऊन माणसं आणतो, दिवसाचा एक दीनार ठरवून. दीनार म्हणजे तेव्हाचा एक दिवसाचा रोज. मग नऊला, बाराला, तीनला आणि पाचला पुन्हा माणसं आणतो. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दीनार, आणि वाटप शेवटच्यापासून.

विरळणीला येणाऱ्या बायकांच्या टोळीत मी ही गोष्ट एकदा सांगितली. पहिली प्रतिक्रिया मुकादमबाईची: "असला मालक दोन दिसांत माणसाला मुकंल. दुसऱ्या दिशी सगळी पाचालाच येतील." खो खो हसल्या सगळ्या. मग कडेची एक म्हातारी म्हणाली, "पाचापत्तुर उभं राहिल्यालं कोण असतंय? ज्याला कुणीच नेलं न्हाई त्येच. घरी तर तेवढंच पीठ लागतंय." मी शब्बाथशाळेत या दृष्टांतावर कितीतरी वेळा बोललो होतो, पण गोष्टीतलं ते वाक्य ("आम्हाला कोणी कामावर लावलं नाही") असं कधी ऐकलं नव्हतं.

कुळांच्या दृष्टांतात मालक कोण, कुळं कोण?

मत्तय 21, मार्क 12, लूक 20. मालक मळा लावतो, कुंपण घालतो, कुंड खणतो, माळा बांधतो. हे शब्द सरळ यशयाच्या गीतातून उचललेले आहेत आणि ऐकणाऱ्यांना ते लगेच ओळखू आले असतील. मग तो खंडानं देऊन परगावी जातो. फळाचा वाटा मागायला आलेल्या चाकरांना कुळं मारतात, शेवटी मुलालाही. चाकर म्हणजे संदेष्टे, मुलगा म्हणजे येशू, आणि कुळं म्हणजे तेव्हाचे धार्मिक पुढारी. हे आपल्यावरच बोलतोय हे त्यांना कळलं, असं तिथंच लिहिलं आहे. एक फरक लक्षात घ्या. यशयात दोष वेलाचा, फळ आंबट. इथं वेलाबद्दल तक्रार नाही, फळ आलेलं आहे. ते दाबून बसणाऱ्यांबद्दल आहे. 'यहुदी लोक' नाकारले गेले असा अर्थ काढून पुढं जगात फार रक्त सांडलं. गोष्टीत राग कारभाऱ्यांवर आहे.

आमच्याकडं बागायतदार ही गोष्ट ऐकतात तेव्हा त्यांना कुळं आठवत नाहीत, व्यापारी आठवतो. एका साली आमच्या दोन गाड्या माल भरून गेला, चेक वटला नाही, आणि आठव्या दिवशी फोन बंद. वडील त्याच्या खोलीवर गेले तर कुलूप. तेव्हापासून या दृष्टांतात मला आधी मालकाचा धीर दिसतो. तीनतीनदा माणूस पाठवला त्यानं.

नाबोथाची गोष्ट थोडक्यात?

1 राजे, 21वा अध्याय. अहाब राजाला वाड्याशेजारचा मळा भाजीपाल्यासाठी हवा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन देणार नाही. राणी ईजबेलीनं खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार झाला, राजा मळ्यात ताबा घ्यायला गेला आणि तिथं एलीया उभा होता. आमच्या भागात याचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

द्राक्षारस म्हणजे दारूच ना? मग प्रभूभोजनात काय वापरता?

होय, तो आंबवलेलाच असे. प्रभूभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. शास्त्र त्याला आनंदाची देणगीही म्हणतं आणि झिंगण्याविरुद्ध सक्त ताकीदही देतं, दोन्ही. कॅथलिक मिस्सात (त्यांच्या उपासनेत) द्राक्षाचीच नैसर्गिक वाइन लागते. पुष्कळ प्रॉटेस्टंट मंडळ्या न आंबवलेला रस घेतात. 1869 साली अमेरिकेत टॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं रस उकळत्या पाण्यात तापवून, न आंबता टिकवण्याची रीत काढली, ती मुळात प्रभूभोजनासाठीच.

आमच्या मंडळीत बेदाणे शनिवारी रात्री भिजत घालतात, पहाटे उकळतात, हातानं चुरतात आणि पातळ फडक्यातून गाळतात. बेदाणा तासगावच्या शेडवरचा. रंग लाल न येता मधासारखा येतो, आणि बाहेरून आलेले पाहुणे पेल्यात डोकावून बघतात.

प्रकटीकरणातलं द्राक्षकुंड एवढं भयंकर का?

बायबलच्या या शेवटच्या पुस्तकात, चौदाव्या अध्यायात, पृथ्वीचे घड कापून देवाच्या क्रोधाच्या कुंडात टाकतात आणि त्यातून रक्त वाहतं. मागं यशया 63 आहे, जिथं एकट्यानं कुंड तुडवल्यामुळं कपडे लाल झाले असं येतं. द्राक्षं पायानं तुडवायची पद्धत होती, आणि गुडघ्यापर्यंत लाल झालेला माणूस ज्यांनी पाहिलेला होता त्यांना ही उपमा सुचणं साहजिक होतं. वेलाची प्रतिमा गोड आहे असं समजून चालणाऱ्यांनी हा अध्याय वाचावा, पण झोपायच्या आधी नको.

'आपापल्या द्राक्षवेलाखाली आणि अंजिराखाली' हे कुठं आहे?

शलमोनाच्या राज्याच्या वर्णनात, मीखा 4 मध्ये, जखऱ्या 3 मध्ये. शांततेचं चित्र आहे ते. वेलाला वर्षं लागतात. सारखं सैन्य येणाऱ्या मुलखात कुणी बाग लावत नाही. ज्यानं मळा लावला आणि अजून फळ चाखलं नाही त्यानं लढाईला न जाता घरी जावं, अशी सूट बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात आहे.

अवकाळीत बाग गेली तर कोणतं वचन वाचायचं?

हबक्कूक 3:17-18. वेलाला फळ नाही, अंजिराला बहर नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. पण वाचायची घाई नको. योएल पहिल्यांदा शेतकऱ्यांना आणि माळ्यांना आक्रोश करायला सांगतो. एका साली गारा पडल्यावर पाळकसाहेब बागेत आले, पायजमा वर धरून चिखलातून चालले, तुटलेला एक घड उचलून बघितला, आणि वचन न काढता तासभर बांधावर बसले. चहा घेतला आणि गेले.

कापणीनंतर राहिलेले घड गरिबांसाठी सोडायची आज्ञा आहे का?

आहे. लेवीय 19 आणि अनुवाद 24. बाग एकदा खुडली की पुन्हा फिरायचं नाही, मागं राहील तो सरवा उपऱ्याचा, अनाथाचा, विधवेचा. अनुवाद 23 मध्ये आणखी एक गंमत आहे: शेजाऱ्याच्या मळ्यात शिरलात तर पोटभर खा, पण पाटीत भरून नेऊ नका. आमच्या बागेत शाळेची पोरं कुंपणाच्या भोकातून याच नियमानं येतात. पाटी त्यांच्याकडं नसते, दप्तर असतं.

द्राक्षवेल 'तो' की 'ती'?

मराठी बायबलात 'खरा द्राक्षवेल', म्हणजे तो. ग्रीक 'अम्पेलोस' आणि हिब्रू 'गेफेन' मात्र दोन्ही स्त्रीलिंगी. शब्बाथशाळेत पोरं 'खरी वेल' म्हणतात, मी दुरुस्त करत नाही. बागेत तर कुणी वेल म्हणतच नाही. तिथं विचारतात, एकरी झाडं किती?